भोक कुठं पाडू?

“काका, भोक कुठं पाडू?”

दारात उभ्या असलेल्या मुलाचा हा पहिला प्रश्न. नाव नाही, गाव नाही, ‘इंटरनेटवाला आलोय’ नाही. एका हातात ड्रिल मशिन, खांद्यावर काळ्या केबलचं वेटोळं, पाठीवर सॅक, आणि तान्हं मूल धरावं तशी पोटाशी धरलेली एक पिवळी पेटी. कंपनीनं त्याच्या येण्याची वेळ ‘सकाळी दहा ते संध्याकाळी सहा’ अशी कळवली होती. आमच्याकडे याला वेळ म्हणत नाहीत, दिवस म्हणतात. मी रजा टाकली होती, मुलीनं मीटिंगा पुढे ढकलल्या होत्या, आईनं दुपारची झोप सोडली होती. आणि मुलगा साडेपाचला उगवला. तरी तो वेळेत आला होता, हे कबूल करावं लागलं.

‘भोक’ हा शब्द ऐकून आई आतल्या खोलीतून बाहेर आली. आईचं वय चौऱ्याऐंशी. तिला हाक मारलेली ऐकू येत नाही, पण घराबद्दल कुणी काही बोललं की स्पष्ट ऐकू येतं.

“भिंतीला?”

“हो आज्जी. केबल आत घ्यायला लागंल ना.”

“आणि ते बुजवणार कोण?”

मुलगा गप्प. हा प्रश्न त्याच्या ट्रेनिंगमध्ये नसावा.

आमचं घर नारायण पेठेत, 1968 सालच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. ही इमारत खांबांवर उभी नाही, भिंतींवर उभी आहे, आणि बाहेरच्या भिंती चौदा इंची आहेत. वडील होते तोवर त्यांना विचारल्याशिवाय घरात खिळा ठोकला जात नसे. विचारल्यावरही जात नसे. दिवाणखान्यात कॅलेंडरासाठी एक खिळा आहे. आम्ही राहायला आलो तेव्हाचा. वर्षं बदलली, खिळा तोच. अशा घरात येऊन हा मुलगा आल्या आल्या भोक पाडायची भाषा करत होता.

खरं तर ब्रॉडबँड घ्यायचं की नाही, हे ठरण्यातच वर्ष गेलं होतं. मुलगी आठवड्यातले तीन दिवस घरून काम करते. तिची भिस्त मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, आणि हॉटस्पॉटची भिस्त आमच्या गॅलरीवर, कारण चौदा इंची भिंतीच्या आत रेंज येत नाही. त्यामुळे ती तुळशीच्या कुंडीशेजारी स्टूल टाकून बसायची. मीटिंगमधल्या लोकांना वाटायचं, हिच्या घरी बाग आहे. एकदा बोलता बोलता तिचा चेहरा पडद्यावर गोठला तो नेमका तोंड उघडं असताना, आणि तसाच तीन मिनिटं राहिला. त्या दिवशी संध्याकाळी तिनं जाहीर केलं, “बाबा, फायबर.” एकच शब्द.

मग फॉर्म, आधार, फोटो हे सगळं मोबाइलवर दहा मिनिटांत उरकलं. मी खूश झालो. मला वाटलं, झालं. पण पुढचं काम मोबाइलवर होणारं नव्हतं, कारण पुढे सेक्रेटरी होते.

आमच्या सोसायटीत बिऱ्हाडं बारा आणि मतं सतरा. सेक्रेटरीकाका म्हणाले, “केबलनं बिल्डिंगचं एलिव्हेशन बिघडतं.” आमच्या बिल्डिंगला एलिव्हेशन आहे, हे मला नव्यानंच कळलं. दर्शनी भाग म्हणजे गॅलऱ्या, गॅलऱ्यांत पिंपं, पिंपांवर जुन्या सायकली. तरी त्यांनी दोन दिवस विचार केला आणि लेखी अर्ज मागितला. तोही मराठीतच. अर्ज मंजूर झाला, पण एका अटीवर: केबल पुढून न आणता मागून, गच्चीवरून खाली सोडायची. मागून म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या गॅलरीवरून. वहिनी म्हणाल्या, माझी हरकत नाही, पण माझ्या दोरीला हात लावायचा नाही. दोरी म्हणजे कपडे वाळत घालायची.

आखातातून, युरोपातून समुद्राच्या तळावरून निघालेल्या केबली मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर येऊन लागतात. तिथून पुढे रस्ते खणून, पुलाच्या कठड्यांना बांधून, खांबांवरून लोंबत, कुठे झाडाला टेकत त्यांतला प्रकाश पुण्यापर्यंत येतो. हजारो किलोमीटरचा हा प्रवास तो डोळ्यांची पापणी लवायच्या आत करतो, कारण काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. एवढा समुद्र ओलांडून आला, घाट चढला, आणि नारायण पेठेत वहिनींच्या दोरीपाशी पाच दिवस अडला. उरलं होतं अठरा फूट.

ते अठरा फूट त्या मुलानं वहिनींच्या देखरेखीखाली, दोरीवरच्या साडीला केबलचा स्पर्श होऊ न देता, वीस मिनिटांत पार केले. केबलचं टोक आमच्या गॅलरीत लोंबकळू लागलं, आणि तेव्हा तो जिना उतरून आमच्या दारात येऊन म्हणाला होता, भोक कुठं पाडू.

“इथं नको,” आई म्हणाली. “इथं पलीकडून देवाची भिंत आहे.”

“मग हिकडं?”

“तिथं मागं नळाचा पाइप जातो.”

“खिडकीच्या चौकटीतनं घेऊ का?”

“सागवानी आहे.”

शेवटी जागा ठरली. मुलानं ड्रिलला सळई लावली, भिंतीला टेकवली, मशिन घरघरलं, विटेचा लाल भुगा आईनं खाली धरलेल्या सुपात पडू लागला. सळई आत गेली, गेली, आणि मुठीपर्यंत जाऊन थांबली. पलीकडे काहीच आलं नाही. त्याची सळई बारा इंची होती.

“दोन इंच कमी पडतंय,” तो म्हणाला. चेहरा असा, की भिंतीनं त्याला फसवलं. “आमच्याकडं समद्या फ्लॅटच्या भिंती सहा-सहा इंच, काका. असल्या भिंती म्हंजे किल्ल्याच्या.”

आईच्या चेहऱ्यावर, घराचं कौतुक झालं की येतं ते समाधान आलं.

मग मला आठवलं, की या घराला भोकं काही नवी नाहीत. वडिलांच्या शिस्तीतही अधूनमधून बाहेरच्या जगानं भिंत भेदली होती. पहिलं भोक टीव्हीच्या अँटेनाचं. गच्चीवर सिंहगडाकडे तोंड करून उभी असलेली ती अँटेना आणि तिची चपटी वायर. दुसरं टेलिफोनचं. तिसरं 1992 सालातलं, केबल टीव्हीचं. ते अंगठ्याएवढं होतं आणि वडिलांनी त्याचा निषेध म्हणून क्रिकेट सोडून काही पाहिलं नाही. पुढे छत्रीची वायर त्याच भोकातून आली. प्रत्येक वायर गेल्यावर वडिलांनी तिचं भोक पांढऱ्या सिमेंटनं लिंपलं. गॅलरीच्या भिंतीवर बारकाईनं पाहिलं तर हे डाग अजून दिसतात, देवीची लस टोचल्याच्या खुणा दंडावर दिसाव्यात तसे.

यातलं टेलिफोनचं भोक मानाचं. वडिलांनी टेलिफोनसाठी नाव नोंदवलं 1978 साली आणि नंबर लागला 1987 साली. नऊ वर्षं. मी चौथीत होतो तो कॉलेजात गेलो. फोन आला त्या दिवशी पेढे वाटले, आणि पेढे खाल्लेल्या प्रत्येकानं आमचा नंबर स्वतःच्या व्हिजिटिंग कार्डावर ‘पी.पी.’ म्हणून छापून घेतला. फोन ठेवला घराच्या मधोमध, बोळात, वडिलांनी मुद्दाम करून घेतलेल्या फळीवर. मधोमध अशासाठी, की फोन कुणाचाही असो, बोलणं सगळ्यांना ऐकू यावं. आमच्या पिढीतली प्रेमं त्या फळीमुळे पत्रानंच झाली.

त्याच तारेतून पुढे इंटरनेटही आलं. विदेश संचार निगमनं 15 ऑगस्ट 1995 रोजी देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. आमच्याकडे ते यायला आणखी चार वर्षं गेली. मोडेम लावला की आधी आकडे फिरल्याचा आवाज, मग मांजरं भांडल्याचा, मग कुणी पत्रा ओढत नेल्याचा, आणि मग शांतता. ही शांतता म्हणजे जोडणी झाली. तेवढ्यात वडील बोळातून ओरडत, “फोन मोकळा कर, अण्णाचा फोन यायचाय!” कारण तार एकच, आणि तिच्यावर एका वेळी एक तर जग नाहीतर अण्णाकाका.

त्यानंतर ब्रॉडबँड. 2004 सालच्या सरकारी धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान 256 केबीपीएस अशी व्याख्या होती, आणि ती वाचून आम्हाला वेगानं गरगरल्यासारखं झालं होतं. 2013 साली हा किमान वेग 512 झाला, 2023 साली 2 एमबीपीएस. आता मुलीनं घेतलेला प्लॅन 100 एमबीपीएसचा, म्हणजे त्या पहिल्या व्याख्येच्या जवळजवळ चारशे पट, आणि दुकानात सर्वांत स्वस्त तोच होता. मधल्या काळात फोनही परत केला. वडिलांनी नऊ वर्षं वाट पाहिलेली वस्तू परत करायला मला सव्वा तास लागला, त्यातला एक तास रांगेत.

“थांब,” मी मुलाला म्हटलं. “एक भोक आहे.”

त्यानं पांढऱ्या सिमेंटच्या डागावर स्क्रूड्रायव्हर टेकवून हलकेच ठोकलं. पापुद्रा पडला. मग कापसाचा बोळा निघाला, मग साबणाचा वाळलेला तुकडा. वडील कुठलंही काम एका थरात करत नसत. मग एक काळी, पीळ घातलेली तार निघाली. फोन परत करताना मी फक्त दोन्ही टोकं कापून घेतली होती, मधली भिंतीतच राहिली होती. मुलानं तिच्याच टोकाला आपली केबल चिकटपट्टीनं बांधली आणि आतून तार ओढायला लागला. जुनी तार आत येत गेली आणि तिच्यामागून नवी. आईनं तार गोळा करून तिचं नीट वेटोळं केलं. “तांबं आहे,” ती म्हणाली. भंगारवाला काय भाव देतो हे तिला तोंडपाठ आहे.

मग ती पिवळी पेटी उघडली.

तोवर मी त्या मुलाला केबलवाला समजत होतो. आता तो सोनारासारखा मांडी घालून बसला. केबलचं काळं साल काढलं, आतली पांढरी नळी काढली, मग चिमट्यासारख्या एका हत्यारानं आतल्या तंतूवरचा रंगही खरवडला, आणि जे उरलं ते मला दिसेचना. बोटाच्या चिमटीत त्यानं काहीतरी धरलंय एवढं कळत होतं. “काच हाय,” तो म्हणाला. जाडी 125 मायक्रॉन. आणि प्रकाश जातो तो त्याच्याही पोटातल्या नऊ मायक्रॉनच्या गाभ्यातून. स्पिरिटच्या कागदानं त्यानं तो तंतू पुसला, एका यंत्रात टाकून ‘टक्’ असा कापला, आणि कापलेला तुकडा, कुसळाएवढा, उचलून झाकणाच्या बाटलीत टाकला. “आज्जी, हितं अनवाणी फिरू नका. पायात घुसला तर दिसत न्हाई, निघत न्हाई.” आई ताबडतोब पाय वर घेऊन खुर्चीत बसली.

पेटीच्या छोट्या पडद्यावर दोन तंतू दिसत होते, प्रचंड मोठे झालेले, दोन ओंडक्यांसारखे समोरासमोर. यंत्र त्यांना आपोआप जवळ आणत होतं, वर-खाली करत होतं, एका रेषेत लावत होतं. मग एक निळी ठिणगी. दोन्ही काचा वितळून एक झाल्या. कुठं जोडलं तेही पडद्यावर कळेना. मुलानं श्वास रोखला होता तो सोडला. दिवसातले सात-आठ जोड तो असे मारतो, आणि प्रत्येक वेळी श्वास रोखत असावा.

“बघू तरी उजेड,” असं म्हणून आईनं शेजारी पडलेली दुसरी, हिरव्या टोकाची बारीक वायर उचलून डोळ्याशी नेली, तेव्हा मात्र तो ओरडला. “आज्जी! डोळ्याजवळ न्हाई न्यायचं!”

“अंधारच आहे की आत.”

“दिसत न्हाई, पण असतो. डोळा जातो.”

आई वायर खाली ठेवत माझ्याकडे बघून म्हणाली, “हे एक नवीनच.”

शाळेत आम्हाला प्रकाश सरळ रेषेत जातो असं शिकवलं. काचेच्या तंतूंच्या जुडीतून तो वळवून नेता येतो, हे 1950 च्या दशकात लंडनमध्ये ज्यांनी दाखवलं त्यांत पंजाबातल्या मोग्याला जन्मलेले नरिंदर सिंग कपानी होते. त्यांना पद्मविभूषण जाहीर झालं 2021 साली, मरणोत्तर. नंबर लागायला वेळ लागतो, तो काही फक्त टेलिफोनचाच नाही. अर्थात प्रकाश वळतो म्हणजे कसाही वळतो असं नाही. आईनं उरलेल्या केबलची सवयीनं घट्ट घडी करून तिला रबरबँड लावला, तर मुलानं तो काढून केबल ऐसपैस गोल ठेवली. फार मुरडलं तर प्रकाश बाहेर सांडतो, म्हणाला.

त्यानं एक मीटर लावून पाहिला. “मायनस एकोणीस. लई भारी.”

“उणे एकोणीस?” आई शिक्षिका होती. “आणि भारी?”

“आज्जी, मायनस सत्तावीसच्या पुढं गेलं की बंद पडतं. एकोणीस म्हंजे फस्क्लास.”

उणे गुण मिळवूनही पहिल्या वर्गात येता येतं असं एकच खातं आईच्या माहितीत होतं, आणि ते आमच्या धाकट्या काकांचं.

राऊटर कुठे ठेवायचा यावर पुन्हा सभा झाली. तो म्हणाला, घराच्या मधोमध, उंचावर, मोकळ्या जागी पाहिजे. लोखंडी कपाटामागं नको, भिंतीत कोंडलेला नको. घराच्या मधोमध, उंचावर आणि मोकळं असं आमच्याकडे एक देवघर आहे. त्यानं तिकडे नुसतं पाहिलं. आईनंही त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग राहिली बोळातली टेलिफोनची फळी. राऊटर तिथे चपखल बसला. दिवे हिरवे झाले. आईनं कपाटातून क्रोशाचा रुमाल काढून आणला. पूर्वी फोनवर असायचा तोच. “गरम होतंय, वर काय टाकू नका,” असं मुलानं सांगितल्यावर तिनं तो घडी करून राऊटरच्या खाली घातला.

चहा झाला. मुलगा लातूरकडचा. कामावर दोन वर्षं झाली, दर जोडणीमागे पैसे. दिवसभर लोकांच्या घरात नेट घालतो. स्वतःच्या गावी घरात रेंज नाही, त्याच्या आईला त्याच्याशी व्हिडिओवर बोलायचं तर माळवदावर चढावं लागतं. “पावसाळ्यात तर लई अवघड,” एवढंच म्हणाला आणि बशी खाली ठेवली. आईनं त्याला न विचारता आणखी एक लाडू वाढला.

“काका, ओटीपी आलाय बघा. सांगा, म्हंजे काम क्लोज करतो.”

“सांगायचा नाही,” आई म्हणाली.

बँकेचा मेसेज तिच्या फोनवर दर आठवड्याला येतो, आणि आलेला मेसेज न पाळणं तिच्या स्वभावात नाही. ओटीपी कुणालाही सांगू नये. बँकेच्या माणसालासुद्धा नाही. मुलगा म्हणाला, आज्जी, ओटीपी न्हाई टाकला तर मी आलो होतो हेच सिस्टिम धरत न्हाई. आई म्हणाली, मी आहे ना साक्षीला. मी म्हटलं, आई, आत्ता त्याला लाडू दिलास. आई म्हणाली, लाडू वेगळा. अखेर तोडगा निघाला: ओटीपी मी त्याच्या मोबाइलवर स्वतःच्या हातानं टाकायचा, आणि तोवर त्यानं भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. तो राहिला. वर्गात उभं केल्यासारखा.

मुलगी वेग मोजत होती. “चौऱ्याण्णव!”

“शंभरातले?” आई म्हणाली. “सहा कुठं गेले?” दूधवाल्याशी चाळीस वर्षं हिशेब केलेल्या बाईला मापातली तूट सहन होत नाही. तेवढं वरखर्चाला जातंच, असं मुलानं सांगितलं. तिला ते पटलं. वरखर्च तिला ठाऊक आहे.

राहिलं नाव. वाय-फायला नाव द्यायचं होतं आणि त्यासाठी मुलीनं आजूबाजूची नावं उघडली, तेव्हा मला आमची इमारत नव्यानं कळली. पेठेतल्या दारांवरच्या पाट्या हल्ली कमी झाल्या अशी खंत लोक करतात. त्या कमी झालेल्या नाहीत, हवेत गेल्या आहेत. एक होतं ‘स्वतःचं घ्या’. एक होतं ‘पासवर्ड विचारू नये’. तळमजल्यावरच्यांचं ‘दुपारी 1 ते 4 बंद’, आणि ते बहुधा खरं असावं. सेक्रेटरीकाकांच्या नेटवर्कचं नाव ‘सेक्रेटरी’. मुलीनं आमच्यासाठी काही परदेशी नाव सुचवलं, पण आई म्हणाली, दारावर आहे तेच लिही. म्हणून आडनाव लिहिलं.

निघताना मुलानं भोकाकडे पाहिलं. केबल बारीक, भोक जुन्या दांडग्या तारेच्या मापाचं. भोवती फट राहिली होती. “पुट्टी आणून लावतो, आज्जी. हिकडं आलो की.” आईनं तात्पुरता साबणाचा तुकडा दाबून बसवला.

आठ-दहा दिवस झाले. नेट उत्तम चालू आहे. मुलगी बागेतून घरात आली. आणि परवा त्या मुलाचा फोन आला. आवाज जरा पडलेला.

“काका, तुमच्याकडं लाइटचा काय प्रॉब्लेम हाय का? न्हाई, सिस्टिमला दाखवतंय, तुमचा बॉक्स रोज रात्री दहाला पडतो आन् पाटं साडेपाचला उठतो. साहेब म्हणत्यात, जोड नीट मारला न्हाई का.”

आमच्याकडे रात्री दहाला आईची फेरी असते. गॅसची कळ, मोरीतला नळ, दाराची कडी, आणि मग एकेक बटण, ज्याचा म्हणून दिवा लुकलुकत असेल त्याचं. बोळातली फळी शेवटची.

“जोड उत्तम आहे,” मी म्हटलं. “तसं सांग साहेबांना. हवं तर मी लिहून देतो. ते आमच्याकडूनच बंद होतं.”

“बरं बरं. मग मिटलं,” तो म्हणाला. त्यानं श्वास सोडलेला मला ऐकू आला.

आतून आईनं विचारलं, “कोणाचा रे फोन?”

“त्या इंटरनेटवाल्या मुलाचा.”

“काय म्हणतोय? भोक बुजवायला कधी येतोय?”